पहिला दिवस कुणाचा?

परदेशात नोकरीला गेलेल्या माणसानं पहिला दिवस एकट्यानं काढावा की कुणाच्या तरी आधारानं, यावर आमच्या घरात दोन ठाम मतं आहेत. एक माझ्या थोरल्या भावाचं. दादा १९८३ साली खेडहून कुवेतला गेला आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा शिरल्यावर होतं नव्हतं ते तिथेच टाकून परतला. दुसरं माझ्या लेकीचं. ती पुण्यात इंजिनियर झाली, मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकली आणि एका नोव्हेंबरात स्टुटगार्टला गेली. यंदा ती सुट्टीवर आली तेव्हा दादाही आमच्याकडे होता. आमच्या इमारतीतला एक मुलगा तिला भेटायला वर आला. त्याचं नर्सिंग झालंय आणि स्टुटगार्टजवळच्याच एका रुग्णालयात तो रुजू होणार आहे. त्यानं विचारलं, "ताई, पहिल्या दिवशी काय करू?" त्यावर मामा-भाचीचं जे बोलणं झालं ते मी जमेल तसं लिहून काढलंय. मी मधे फारसं बोलले नाही, पण माझं मत इथे लपवणारही नाही.

"पहिल्या दिवशी कुणाला भेटू नकोस," लेक त्याला म्हणाली. "घरी पोचल्याचं आईला कळव, झोप काढ, आणि मग बाहेर पडून चालत सुट. मराठी मंडळाच्या ग्रुपवर दुसऱ्या आठवड्यात गेलास तरी चालेल. तो एक दिवस पुन्हा मिळत नाही."

दादा सुपारी कातरत होता, तो थांबला. "अगं बाय, काय सांगतेस त्या पोराला? परक्या मुलखात उतरणार आणि न्यायला एक माणूस नको?"

"मला कोण होतं, मामा?"

"तुला नव्हतं, म्हणून कुणालाच नसावं?"

मग दादानं स्वतःचं सांगितलं. मी ते अनेकदा ऐकलंय, पण त्या मुलासाठी तो पहिल्यापासून सांगायला लागला. "मी उतरलो तेव्हा बाहेर चौघं उभे होते. एक आमच्या शेजारच्या वाडीतला, दोघं चिपळूणचे, आणि दाभोळचे एक चाचा. फहाहीलला एका खोलीत आठ जण, एकावर एक खाटा. मीना अल अहमदीच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे आम्ही सगळे कामाला. चाचांनी त्या रात्री झुबैदीचं कालवण केलं होतं. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट. भाकरी कुठली, खुबूस होता, पण कालवणाला वास आपल्या घरचा. जेवता जेवता मला सगळं समजलं. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा तो मालक कोण, मुकादम कसा, पगार मोजून घ्यायचा, दुपारी उन्हात डोकं झाकायचं, पाण्यात मीठ टाकून प्यायचं. एजंटाचे पैसे फेडायला किती महिने लागतील त्याचा हिशेबसुद्धा त्यांनीच मांडून दिला. घरी पत्र जायला पंधरा-पंधरा दिवस. पण त्या रात्री मला घर आठवून रडू आलं तेव्हा खालच्या खाटेवरून आवाज आला, 'रड रे, आम्ही पण रडलो.' हे तुझ्या त्या शहरात कोण म्हणणार?"

"कोणी नाही म्हटलं," लेक म्हणाली. "मी एकटीच रडले."

तिचा पहिला दिवस रविवारचा होता. शनिवारी रात्री उशिरा ती महिन्याभरासाठी घेतलेल्या एका खोलीवर पोचली. घरमालक दुसऱ्या गावात. दाराशेजारी आकड्यांचं कुलूप असलेली छोटी पेटी, तिच्यात चावी. चावी हातात द्यायलासुद्धा माणूस नव्हता. जर्मनीत इमारतीतल्या घरांना बहुधा नंबर नसतात, घंटीवर आडनाव असतं, आणि तिच्या घंटीवर भलत्याच कुणाचं तरी होतं. सकाळी उठून दूध-भाजी आणायला निघाली, तर रस्ताभर दुकानं बंद. तिथे रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचंच संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम १९४९ च्या घटनेतही कायम ठेवलं गेलं. रेल्वे स्टेशनातली काही दुकानं आणि सकाळचे थोडे तास बेकऱ्या, एवढंच काय ते उघडं. बॅगेत मेतकूट होतं, भाजणी होती, पण तेलाचा थेंब नव्हता. खोली गार पडलेली, आणि भिंतीवरच्या हीटरचा एक ते पाच आकड्यांचा गोल खटका कशासाठी असतो हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"ऐक," दादा त्या मुलाला म्हणाला. "मला हे सगळं खाटेवर बसल्या बसल्या कळलं असतं."

"कळलं असतं, मामा. पण मग मी बेकरीत गेले नसते."

"बेकरीत एवढं काय?"

"बेकरीत मी पहिल्यांदा अशा माणसाशी जर्मन बोलले, जो माझा शिक्षक नव्हता. लोणी लावलेला एक ब्रेत्सेल मागितला. ती बाई तिकडच्या बोलीत काहीतरी म्हणाली, मला ओ की ठो कळलं नाही. मागे रांग होती. मी पुन्हा विचारलं. तिनं सावकाश सांगितलं, आणि कळलं. पैसे देऊन बाहेर आले तेव्हा मला वाटलं, हे शहर मला जमेल. सोबत कुणी मराठी दादा किंवा ताई असती तर तिनं माझ्यासाठी मागितलं असतं. प्रेमानंच मागितलं असतं. आणि मी गप्प मागे उभी राहिले असते. पहिल्या दिवशी जो मागे उभा राहतो, त्याला मागे उभं राहायची सवय लागते."

मग ती चालत सुटली. स्टुटगार्ट खोलगट दरीत वसलंय, चहूबाजूंनी टेकड्या, आणि वस्तीतून वर चढणारे दगडी जिने चारशेहून अधिक. एका जिन्यानं ती चढत गेली तर वर द्राक्षांचे मळे लागले. भर शहरात द्राक्षांचे मळे असतील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. मळ्याच्या कडेला बसून तिनं तो ब्रेत्सेल खाल्ला. फोन तिनं मुद्दाम खोलीवर ठेवला होता. इकडे आमची संध्याकाळ झाली होती, हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. मी फोन लावत होते, तो वाजून वाजून बंद होत होता आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

"तुझ्या आईनं मला फोन केला होता तेव्हा," दादा म्हणाला. "मी काय सांगणार तिला? त्या जिन्यावर पाय घसरून पडली असतीस तर कोणाला कळलं असतं?"

"कोणीतरी ११२ लावला असता. दहा मिनिटांत गाडी आली असती."

"गाडी आली असती, गो. पण ती कुणासाठी आली हे कुणाला कळलं असतं? त्या अख्ख्या शहरात तुझं नाव ठाऊक असलेला एक माणूस होता का त्या दिवशी?"

लेक यावर पटकन काही बोलली नाही. दादाच्या सगळ्या बोलण्यात मला हा प्रश्न सगळ्यात वजनदार वाटतो. नव्या देशात पहिल्या दिवशी माणूस गर्दीत असतो, सुरक्षित असतो, कायद्याच्या छत्राखाली असतो, आणि तरी तो आला आहे हे तिथे कुणालाही माहीत नसतं. इथे आपण रोज पन्नास माणसांना माहीत असतो. दूधवाल्याला माहीत असतो, वॉचमनला माहीत असतो. आपल्या असण्याला एवढे साक्षीदार आहेत हे ते नाहीसे झाल्यावरच लक्षात येतं.

पण लेक हरणारी नाही. "मामा, मला एक सांगा. तुम्ही किती वर्षं होता कुवेतला, आणि किती कुवेती घरांत जेवलात?"

"एकाही नाही."

"अरबी?"

"कामापुरती. 'हे उचल, ते ठेव, उद्या ये.'"

"पासपोर्ट?"

"तो पहिल्याच दिवशी कंपनीनं काढून घेतला. सगळ्यांचाच घेत."

"आणि खोलीतल्या लोकांनी तुम्हाला काय सांगितलं?"

दादा जरा थांबून म्हणाला, "मागू नको म्हणाले. मागितलास तर पुढच्या विमानानं घरी."

"मग बघा. त्या रात्री त्यांनी तुम्हाला कालवण वाढलं, तशी त्यांची भीतीही वाढली. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. कफालतीत ती भीती खरीच होती. पण जो आपल्याला घ्यायला येतो, तो आपल्यासाठी देशाची सीमाही आखून देतो. इथे जा, तिथे जाऊ नको. हे लोक असे, ते लोक तसे. आल्या आल्या सगळं शिकवून टाकतात. स्टुटगार्टमध्येही आपले असे लोक आहेत. बरीच वर्षं राहून डॉक्टरकडे जाताना अजून दुभाषा लागतो त्यांना. पहिल्या दिवसापासून एकटे पडलेच नाहीत ना ते."

दादा म्हणाला, "तुला वाटतं मी स्वखुशीनं तसा राहिलो?"

"नाही, मामा. तुम्हाला दुसरी वाट नव्हती. मला होती, म्हणून मी ती घेतली."

"हां! आता तू बरोबर बोललीस." दादा पुढे सरकून बसला. "वाट होती कारण तुझ्या हातात करार होता. विमा होता. पगार पहिल्या महिन्यापासून खात्यात. कामावरून काढलं तर दुसरं काम शोधायला सवड. एजंटाचं देणं नाही. अशा माणसाला एकटं फिरण्यात मजा वाटते. माझ्यासारखा, डोक्यावर कर्ज घेऊन आलेला, पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात, तो एकटा फिरला तर हरवतो. एकट्यानं राहायची हिंमत नुसती छातीतून येत नाही, बाय. ती कागदातून येते."

मला इथे दादाचं म्हणणं पूर्ण पटतं. एकटेपणातून माणूस घडतो असं आपल्याकडे हल्ली फार सहज लिहिलं जातं. लिहिणाऱ्यांचा परतीच्या तिकिटाचा प्रश्न बहुतेक वेळा सुटलेला असतो.

दादाला १९९० आठवलं. कफील आधीच पळाला होता, पासपोर्ट त्याच्या कपाटात, कपाट कुठे कुणाला ठाऊक नाही. त्या खोलीतले आठजण एकत्र निघाले. बसरा, बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द, वाळवंटातले तंबू, शेवटी अम्मान. त्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात एअर इंडियानं अम्मानहून जवळपास पाचशे फेऱ्या केल्या आणि लाखाहून अधिक भारतीय परत आणले. दादा त्यांतला एक. "वाटेत चाचांना ताप भरला. आम्ही त्यांना आळीपाळीनं धरून बसवलं. पहिल्या रात्री ज्यानं मला जेवण वाढलं, त्याला शेवटच्या दिवशी मी पाणी पाजलं. त्या पहिल्या रात्रीशिवाय हे झालं असतं का?"

मुलगा टक लावून ऐकत होता. लेकीचेही डोळे भरले. पण ती म्हणाली, "मामा, चाचांसारखी माणसं मुलींना घ्यायला येत नाहीत. मुलगी आली की चौकशा सुरू होतात. एकटीच आलीस? घरचे कसे तयार झाले? लग्नाचं काय? रात्री उशिरा येऊ नकोस. आमच्या ओळखीत एक मुलगा आहे. मी जन्मल्यापासून कुणाच्या ना कुणाच्या नजरेखाली होते. आईच्या, शेजाऱ्यांच्या, हॉस्टेलच्या बाईंच्या. त्या रविवारी मी टेकडीवर बसले होते आणि कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. तुम्हाला त्याची भीती वाटते. मला आयुष्यात पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. ते सुख काय असतं हे कुठल्याही पुरुषाला समजावून सांगता येणार नाही, अगदी तुम्हालाही नाही."

हे मात्र मला समजलं. मी त्या वयात असताना मला असा एकही दिवस मिळाला नाही.

"मग रडलीस का?" दादानं अगदी हळू आवाजात विचारलं.

"अंधार पडला म्हणून. नोव्हेंबरात तिथे पावणेपाचला काळोख होतो. खाली उतरून खोलीवर आले, दिवा लावला, भिंती गार. भाजणीची पिशवी हातात धरून बसले आणि एकदम वाटलं, मी इथे मेले तर सोमवारी ऑफिसात गैरहजेरी लागेल, एवढंच. मग उठले, तोंड धुतलं, आणि खालच्या मजल्यावरची घंटी वाजवली."

"कोण होतं?"

"एक आजी. सत्तरीच्या पुढच्या. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, मी वर नवीन आले आहे, माझं नाव अमुक, मला हीटर लावता येत नाही. त्या चपला घालून वर आल्या, खटका तीनवर फिरवला. मग मला खाली टपालपेटीपाशी नेलं. म्हणाल्या, इथे तुझं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचं कार्ड, करक्रमांक, सगळं टपालानं येतं. त्यांनीच कागदाच्या पट्टीवर माझं नाव लिहून चिकटवलं. आणि जिना झाडायची पाळी कोणत्या आठवड्यात कोणाची, ती पाटी दाखवली. तुझीही पाळी येईल म्हणाल्या."

दादानं टाळीच वाजवली. "म्हणजे तुला माणूस लागलाच!"

"लागला. पण तो मी शोधला, मामा. माझा म्हणून कुणी आणून दिला नाही. आणि तो तिथला होता."

खरा फरक एवढ्यापुरताच आहे. माणूस लागतो, यावर दोघांचं दुमत नाही. तो आधीपासून दारात उभा असावा की आपण जाऊन त्याची घंटी वाजवावी, एवढाच वाद. मला त्या वेळी आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय, कलकत्त्याहून जहाजानं अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेलेल्या. त्यांच्या धाडसाबद्दल आपण शाळेपासून ऐकतो. पण न्यूयॉर्कच्या बंदरात थिओडिशिया कार्पेंटर नावाची न्यू जर्सीची एक बाई त्यांना घ्यायला आली होती, हे आपण धाडसाच्या गोष्टीत पुसट करून टाकतो. त्या बाईनं आनंदीबाईंविषयी एका मासिकात वाचलं, स्वतःहून पत्र लिहिलं, आणि बरंच आधीपासून त्यांचं पत्रातून नातं जुळलेलं होतं. ती ना मराठी होती, ना नातलग. ती तिथली होती आणि तिला आनंदीबाईंचं नाव ठाऊक होतं. दादाला हवा असलेला माणूस तो हाच, आणि लेकीनं शोधला तोही.

मी एवढं सांगितल्यावर लेक म्हणाली, "आई, पण अशी कार्पेंटरबाई सगळ्यांना कुठून मिळणार?"

प्रश्न खरा आहे, कारण आता जाणारे पुष्कळ आहेत. भारत आणि जर्मनीत स्थलांतराचा करार २०२२ च्या डिसेंबरात झाला. २०२४ मध्ये जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वर्षाची मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं, स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी, कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. मुंबई आणि स्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. करार भरपूर आहेत. आता जाणारे नुसते इंजिनियर नाहीत, नर्स आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, ड्रायव्हर आहेत. तालुक्याच्या गावातून निघालेली, जेमतेम भाषा शिकलेली मुलं. काहींच्या डोक्यावर दादासारखंच कर्ज आहे. लेकीनं घंटी वाजवली, कारण तिच्याकडे ते एक वाक्य होतं आणि ते बोलायचा धीर होता. हे दोन्ही गारठलेल्या खोलीत, संध्याकाळी पाचच्या काळोखात, उपाशीपोटी प्रत्येकाला साधेलच असं नाही. ज्याला साधत नाही तो दुबळा नसतो.

लेकीनं शेवटी त्या मुलाला एवढं सांगितलं. शनिवारी पोचू नकोस, मंगळवारी पोच, म्हणजे दुकानं उघडी मिळतील. बॅगेत तेलाची छोटी बाटली आणि मीठ घे. नळाचं पाणी प्यायलास तरी चालतं. राहत्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांच्या आत करायची असते, त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद पहिल्याच दिवशी माग. जिवावरचं दुखणं नसेल पण दवाखाने बंद असतील तर ११६११७ लाव. पासपोर्ट कुणाकडेही ठेवू नकोस, मागितला तरी. आणि खालच्या मजल्यावरची घंटी वाजव.

"आणि घ्यायला?" दादानं विचारलं.

"मी तोवर परत गेलेली असेन. मी जाईन. पण तासाभरात निघेन, मामा."

"तास कमी आहे."

"तास पुरे."

इथे त्यांचं एकमत झालं नाही, आणि मला वाटतं व्हायचंही नाही. दादाच्या मते निदान दोन जेवणं व्हायला हवीत. मी या एका बाबतीत लेकीच्या बाजूनं आहे. त्या मुलालाही त्याचा दिवस मिळायला हवा. पण तो तास मात्र चुकता कामा नये.

म्हणून परदेशात स्थिरावलेल्या सगळ्या मराठी माणसांना माझं सांगणं आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून, आणि जर्मनीतही आपली मंडळं गणपती बसवतात, दिवाळी करतात. त्या यादीत आणखी एक काम घाला. तुमच्या गावात नवं कुणी उतरणार असेल तर त्याच्या पहिल्या दिवशी तिथे जा. घर कसं गरम करायचं ते दाखवा, दूध, तेल आणि पाव ठेवा, टपालपेटीवर त्याचं नाव लावा, शेजाऱ्याशी ओळख करून द्या. लग्नाचं विचारू नका, तिथल्या लोकांबद्दल स्वतःची मतं सांगू नका. आणि मग निघून या.